मलावीत शिक्षणाच्या फंडिंगवर काम करायला जाताय? आधी हे वाचा

मास्टर्स झालं, आफ्रिकेत पोस्टिंग मिळतंय, तयारी काय करू, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला एका एज्युकेशन प्रोजेक्टमध्ये बजेट ट्रॅकिंगला होतो. जाताना एसडीजी 4, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं शिक्षणाचं उद्दिष्ट तोंडपाठ, त्यासाठीची 2015 ची इंचॉन घोषणा, सरकारी खर्चाच्या 15 ते 20 टक्के शिक्षणावर हवेत वगैरे सगळं. पण तिथे खरा प्रश्न वेगळाच असतो, पैसा कुणाच्या खात्यातून येतोय आणि कधी पोचतोय.

थोडं मागचं. 1994 ला मलावीने प्राथमिक शाळेची फी काढून टाकली आणि पटावरची मुलं सुमारे 19 लाखांवरून एकदम 30 लाखांच्या आसपास गेली. वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते, घाईघाईत हजारो अनट्रेंड लोक भरले. आजही पहिलीचे वर्ग झाडाखाली भरलेले दिसतात, एका बाईंसमोर शंभरेक पोरं.

आता पगार सरकार देतं, वर्गखोल्या, पुस्तकं, ट्रेनिंग बरंचसं डोनरकडून, म्हणजे मदत देणाऱ्या परदेशी सरकारं आणि संस्थांकडून. कारण प्रोजेक्ट चार-पाच वर्षांचा आणि पगार म्हणजे रिटायरमेंटपर्यंतची जबाबदारी, ती कोण घेणार? म्हणून नवीकोरी खोली तयार पण आत शिकवायला कुणीच नाही असं होतं. त्यात 2013 मध्ये कॅशगेट, म्हणजे सरकारी तिजोरीतून पैसे लाटल्याचा घोटाळा निघाला, डोनरनी सरकारी तिजोरीत थेट पैसे टाकणं थांबवलं, आणि मग जो तो आपला वेगळा प्रोजेक्ट, वेगळं खातं, वेगळा रिपोर्ट. जिल्ह्याच्या ऑफिसातला माणूस शाळेत कमी जातो, फॉर्म जास्त भरतो.

माझी चूक सांगतो. पहिल्या रिपोर्टमध्ये मी कमिटमेंटचा, म्हणजे डोनरने कबूल केलेला आकडाच आलेला पैसा म्हणून धरला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "हे पैसे बघितलेस का कुठे?" त्यानंतर तीन कॉलम ठेवायला लागलो, कबूल केलेले, आलेले, खर्च झालेले. त्यात सरकार, शाळा, डोनर या तिघांची वर्षंही जुळत नाहीत, सरकारचं आर्थिक वर्ष 2022 पासून एप्रिल ते मार्च, शाळा सप्टेंबरला सुरू, डोनरचं कॅलेंडर तिसरंच.

एक्सचेंज रेट शिकून घ्या, खरंच. नोव्हेंबर 2023 मध्ये डॉलर एका झटक्यात 1180 वरून 1700 क्वाचा (मलावीचं चलन) झाला. डॉलरमधली ग्रँट कागदावर फुगली, पण शाळेला क्वाचामध्ये मिळणारं अनुदान तेवढंच राहिलं आणि सिमेंट, कागद महागला. आणि 2025 ला अमेरिकेने यूएसएड, ही आपली परदेशी मदत देणारी संस्था बंद केली तेव्हा अख्खे प्रोग्रॅम वर्षाच्या मधेच गेले, त्यामुळे एकाच डोनरवर चालणारी नोकरी घेताना काँट्रॅक्ट नीट वाचा.

माझे वडील झेडपी शाळेत होते, त्यांनी डीपीईपी (जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम) बघितलेलं, तेही वर्ल्ड बँक वगैरेंच्या पैशातूनच. पण ते संपत आलं तेव्हा आपल्याकडे सर्व शिक्षा अभियान होतं आणि 2004 पासून 2 टक्के शिक्षण सेस, म्हणजे खर्च उचलायला स्वतःचा टॅक्स होता. मलावीत टॅक्स देऊ शकणारेच थोडे, तिथे डोनरने हात काढला की पोकळी राहते, आपल्याकडचं उदाहरण मीटिंगमध्ये ठोकून देऊ नका, मी दिलं होतं, सगळे गप्प झाले.

एक्सेल पक्कं करा, पिव्होट टेबल तरी. आणि तिथल्या चिचेवा भाषेत "मुली ब्वांजी", म्हणजे कसे आहात, म्हणायला शिका, फाइल लवकर सापडते.