कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस कसा ठरतो आणि तपासणीला जाताना काय तयारी करावी

डॉक्टर डोस ठरवताना आधी माणूस पाहतात, मग रिपोर्ट. पंचवटीतल्या दोन शेजाऱ्यांचे एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सारखेच १३० मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर असले, तरी ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्याला सहसा कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातली अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० किंवा ८० मिलीग्रॅम देऊन एलडीएल निम्म्याहून अधिक उतरवण्याचा आणि ७०च्या, पुष्कळदा ५५च्याही खाली नेण्याचा प्रयत्न होतो. दुसऱ्याला मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काहीच नसेल तर कदाचित गोळीच लागणार नाही.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व चरबीची तपासणी) पुन्हा करावे. त्या भेटीला गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे, कारण एलडीएल उतरले नसेल तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न गोळी रोज घेतली का, हाच असतो. द्राक्षांच्या तोडणीच्या धांदलीत निम्म्या गोळ्या राहून गेल्या असतील तर तसे सरळ सांगावे. ते लपवले तर डोस विनाकारण वाढतो. शिवाय डोस दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरते. म्हणूनच बरेच डॉक्टर तीच गोळी वाढवत नेण्याऐवजी जोडीला एझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करणारे औषध) १० मिलीग्रॅम देतात, आणि मला तो मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास रोसुव्हास्टॅटिन हे दुसरे स्टॅटिन ५ मिलीग्रॅमने सुरू करून १०च्या पुढे नेत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते, त्यामुळे चालू असलेली सगळी औषधे सांगावीत. ग्रेपफ्रूटचा रस भरपूर घेतल्यानेही तसेच होते; मात्र ते लिंबूवर्गीय फळ असून आपल्या द्राक्षांशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा नाशिककरांनी नावावरून द्राक्षे सोडू नयेत.

गोळी चालू असताना मांड्या किंवा खांदे दोन्ही बाजूंनी दुखू लागले तर केव्हापासून, याची नोंद ठेवावी. डॉक्टर सीके (स्नायूंना इजा झाली का, हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि गरजेनुसार थायरॉईड तपासतात, गोळी काही दिवस थांबवून पाहतात आणि मग कमी डोस किंवा दुसरे स्टॅटिन देतात. दुखण्यासोबत लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.