कधीच न निघालेला नागपुरी चित्रपट कसा रचायचा

पर्यायी इतिहासातला, म्हणजे एखादी घटना वेगळी घडली असती तर निघाला असता असा, चित्रपट रचायला बसलेले बहुतेक जण आधी नायक-नायिका ठरवतात, मग पोस्टर करतात आणि तिथंच अडकतात. क्रम उलटा हवा. निर्मात्याकडे पैसा कुठून आला, कच्ची फिल्म कशी मिळाली आणि पहिला खेळ कुठं लागला, एवढं ठरलं की अर्धी कथा आपोआप हाती येते.

इतिहासातली एकच गोष्ट बदला. नागपूरसाठी १९५५ सालासारखी दुसरी जागा नाही. त्या वर्षी ३० सप्टेंबरला सादर झालेल्या फाजल अली आयोगाच्या, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगाच्या, अहवालात विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस होती. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपद गेलं. ती शिफारस मान्य झाली असं धरा आणि बाकी कशालाही हात लावू नका. दुसरा बदल घुसवला की कशामुळे काय झालं हे वाचकाला कळेनासं होतं.

आता वहीत दोन रकाने करा: काय बदललं आणि काय तसंच राहिलं. करमणूक कर तेव्हा राज्याचा, म्हणून तो पहिल्या रकान्यात. नागपूरचं सरकार इथल्या चित्रपटांना सवलत देऊ शकतं. सेन्सॉर केंद्राचं, म्हणून दुसऱ्यात. ‘विदर्भ सेन्सॉर बोर्डा’चं प्रमाणपत्र दिसलं की जाणकार पुढं वाचतच नाही. कच्ची फिल्म बाहेरदेशातून येणार, तीही केंद्राच्याच आयात परवान्यावर. वितरणाचा इलाखाही जुनाच. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी सिनेमाच्या धंद्यात ‘सी.पी.-बेरार’ (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) हे नाव टिकून राहिलं आणि त्यात जबलपूर-रायपूरचा हिंदी प्रेक्षक येतो. म्हणून नागपूरचा व्यवहारी निर्माता एकाच सेटवर मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढेल. ‘प्रभात’नं १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ दोन्ही भाषांत काढला होता, त्यामुळे ही कल्पना हवेतली नाही.

मग फिल्मचा हिशेब मांडा. ३५ मिमी बोलपट मिनिटाला ९० फूट खातो. १४० मिनिटांचा चित्रपट म्हणजे १२,६०० फूट. पडद्यावरच्या एका फुटामागे चार फूट चित्रित झाले असं धरलं तर ५०,४०० फूट, आणि दोन भाषांत लाखाच्या वर. नव्या निर्मात्याला एवढी फिल्म मिळणं कठीण. त्यामुळे गर्दी, बाजार, आगगाडी आणि नाचाचे दूरचे शॉट दोन्ही आवृत्त्यांत तेच राहतील, आणि जवळून घेतलेले संवाद कमीत कमी असतील. अशा चणचणीतूनच चित्रपटाला स्वतःचा चेहरा येतो, म्हणून निर्मात्याला सगळं फुकट देऊन टाकू नका.

वेळापत्रकातही असंच होतं, आणि हा सगळ्यात रसाळ भाग आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. फिल्म उष्णतेनं खराब होते आणि पत्र्याच्या शेडमधल्या सेटवर दिवे लावून उभं राहवत नाही. पावसाळ्यात बाहेरचं काम बंद. उरतात थंडीचे महिने. पण झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या लोकरंगभूमीचे, नट घ्यायचे असतील तर त्यांच्या नाटकांचा हंगामही धान कापणीनंतरचा, तेव्हाचाच. आणि नाटक रात्रभर चालतं. जागरण झालेला नट दुपारी कॅमेऱ्यासमोर आला तर दिग्दर्शक कोणती दृश्यं त्याच्यावर टाकेल? पटकथा त्याप्रमाणे बदला. झोपाळू सावकार असं पात्र इथूनच निघतं.

बोलीत घाई नको. प्रत्येक वाक्यात ‘काऊन बे’ टाकून नागपूर उभं राहत नाही. वकील आणि सरकारी कारकून पुस्तकी मराठी बोलतील, इतवारीचा व्यापारी मध्येच हिंदीत शिरेल, ‘मले-तुले’ आणि ‘जाऊन राहिलो’ घरात आणि शेतावर येईल. नावंही त्या काळाची हवीत: चित्रपट १९५९ चा धरला तर चंद्रपूर नाही, चांदा; गडचिरोली जिल्हा १९८२ चा, गोंदिया जिल्हा १९९९ चा. शिवाय त्या जगातल्या माणसांना आपला इतिहास ठाऊक नाही. ‘आपण मुंबई राज्यात गेलो असतो तर’ असा संवाद नायकाच्या तोंडी आला की लेखक पडद्यामागून डोकावतो. त्यांच्यासाठी ते साधं वर्ष आणि साधा चित्रपट आहे. तो उत्कृष्ट असायचीही गरज नाही. तीन आठवड्यांत चित्रपटगृहातून उतरलेला मध्यम चित्रपट जास्त खरा वाटतो.

लिहून काढताना पोस्टरऐवजी गाण्यांची पुस्तिका करा, चित्रपटगृहात विकली जायची तशी. आत श्रेयनामावली, पाच-सहा गाण्यांचे मुखडे आणि दीडशे शब्दांचं कथासार, जे ऐन पेचात थांबून ‘पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावर पाहा’ म्हणतं. एवढ्या जागेत कथेतली भोकं लगेच दिसतात. कथासार लिहिता येत नसेल तर कथा अजून झालेली नाही.

खरे कलावंत घ्यायचे असतील तर त्या वर्षीचं त्यांचं वय आणि हातातली कामं तपासा, आणि त्यांच्या नावावर मुलाखती किंवा उद्गार रचू नका. चित्र केलंत तर ‘काल्पनिक’ हा शब्द खालच्या ओळीत न देता चित्रातच ठळक घाला. व्हॉट्सॲपवर फिरताना मजकूर गळून पडतो, चित्र तेवढं पुढं जातं, आणि वर्षभरानं कुणीतरी ते विदर्भाच्या चित्रपट-इतिहासावरच्या लेखात खरं म्हणून छापतं.