मंदी आणि अवर्षणाचा अभ्यास कसा करावा : ओक्लाहोमातील सिमॅरॉन काउंटी, 1930 ते 1940

1930 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण मैदानी प्रदेशावर मंदी आणि अवर्षण एकाच वेळी कोसळले, असे सर्रास लिहिले जाते. या विषयावर निबंध किंवा प्रकल्प करणाऱ्याने आधी हेच वाक्य तपासून घ्यावे, कारण आधी गव्हाचा भाव पडला, मग पावसाने पाठ फिरवली, आणि पुढे जे घडले त्याचा बराचसा उलगडा या क्रमातूनच होतो.

कॅन्ससचा नैऋत्य कोपरा, कोलोरॅडोचा आग्नेय, न्यू मेक्सिकोचा ईशान्य आणि टेक्सास व ओक्लाहोमा यांचे 'पॅनहँडल' म्हणून ओळखले जाणारे पट्टे एवढा धुळीच्या वादळांनी ग्रासलेला मुलूख एकदम हाती घेऊ नये. एकच काउंटी, म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग, निवडावी. माझ्या मते ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाची सिमॅरॉन काउंटी त्यासाठी उत्तम आहे, कारण तिच्या सीमा वरील इतर चारही राज्यांना भिडतात आणि धुळीचा सर्वाधिक मार बसलेल्या भागांत तिची गणना होते.

त्यानंतर एका आलेख-कागदावर 1914 ते 1941 ही वर्षे मांडून वर गव्हाचा भाव आणि खाली पाऊस अशा दोन रेषा काढाव्यात. पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे 27 किलोमागे, दोन डॉलरच्या आसपास भावाची हमी दिली आणि शतकानुशतके न मोडलेली कुरणे नांगराखाली गेली. युद्धानंतर भाव उतरला, तरी नांगरणी थांबली नाही. उलट ट्रॅक्टरचे हप्ते फेडायचे म्हणून शेतकऱ्याने आणखी जमीन मोडली. 1931 मध्ये गव्हाचे भरघोस पीक आले आणि भाव 40 सेंटच्याही खाली घसरला. येथे थांबून एक साधे गणित करावे. हजार डॉलरचे कर्ज फेडायला युद्धकाळात 500 बुशेल गहू पुरत असे, तर आता त्याच कर्जासाठी 2,500 बुशेलहून अधिक गहू विकावा लागत होता. अवर्षणाने खरा तडाखा देण्यापूर्वीच शेतकरी असा बुडीत निघाला होता.

आता मातीकडे वळावे. दुष्काळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोरडी विहीर येते. येथे मात्र उडून गेलेले शेत पाहायचे आहे. तव्यांच्या नांगराने ढेकळे बारीक होऊन मातीचे पीठ झाले होते, माती धरून ठेवणारे गवत आधीच गेले होते, आणि भावच नसल्याने अनेकांनी, विशेषतः शहरात राहून केवळ पेरणी-कापणीपुरते येणाऱ्यांनी, शेते उघडी टाकून दिली. त्यावर पेरलेले उगवेना आणि मैदानी वारा सुटला. 14 एप्रिल 1935 च्या काळ्या रविवारच्या वादळाचे वर्णन अवश्य द्यावे, पण त्यातच रमू नये. घरातले तपशील अधिक बोलके असतात : खिडक्यांवर ओल्या चादरी टांगल्या जात, आणि जेवण वाढेपर्यंत ताटल्या टेबलावर पालथ्या ठेवल्या जात.

सरकारी उपायांसाठी वेगळा रकाना ठेवावा. 1934 मध्ये चाऱ्याअभावी खंगलेली गुरे सरकारने विकत घेतली आणि त्यांतली नेण्याजोगी नसलेली तिथेच मारली. मृदाशास्त्रज्ञ ह्यू बेनेट यांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल 1935 मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि उताराला आडव्या नांगरणीचा प्रसार सुरू झाला. पेरा कमी करण्यासाठी दिलेल्या अनुदानाचा परिणाम मात्र सरसकट लिहू नये. सिमॅरॉनसारख्या गव्हाच्या भागात त्या पैशांवर अनेक कुटुंबे तगली. ओक्लाहोमाच्या पूर्वेकडील कापसाच्या भागात ते बहुतांशी जमीनमालकाच्या हाती पडले आणि बटाईने कसणाऱ्यांना जमीन सोडावी लागली.

स्थलांतराबाबत सर्वाधिक चुका येथूनच होतात. कॅलिफोर्नियाला गेलेल्या ओक्लाहोमावासीयांपैकी पुष्कळजण या कापसाच्या मुलखातले होते, धुळीच्या पट्ट्यातले नव्हेत. जनगणनेनुसार सिमॅरॉनची लोकसंख्या 1930 मध्ये सुमारे 5,400 होती, ती 1940 मध्ये सुमारे 3,650 झाली. म्हणजे घट सुमारे एक तृतीयांश आहे, आणि ती लहान नसली तरी प्रदेश ओस पडला असे म्हणता येत नाही.

छायाचित्रे वापरताना प्रत्येकाखाली स्थळ आणि वर्ष लिहावे. आर्थर रॉथस्टीन यांचे, धुळीच्या वादळात दोन मुलांसह चालणाऱ्या शेतकऱ्याचे 1936 चे छायाचित्र सिमॅरॉनमधलेच आहे. डोरोथिया लँग यांनी त्याच वर्षी टिपलेली चिंतातुर आई कॅलिफोर्नियातली आहे. तिचा जन्म ओक्लाहोमाच्या भूमीतला असला, तरी ती धुळीची वादळे सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीच तिकडे गेली होती. त्यामुळे ते चित्र मंदीच्या प्रकरणात घालावे, अवर्षणाच्या नव्हे.