पिटिशन अजून लटकलेली, आणि बायकोला भेटायला अमेरिकेत जायचंय: नागपूरहून कसं जमवायचं

"काहून बे, अजून इथंच?" लग्नानंतर दीड वर्षं हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर विचारला गेला. बायको न्यू जर्सीत, अमेरिकन नागरिक. मी हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात मास्तर. तिनं माझ्यासाठी आय-१३० भरला, म्हणजे "हा माझा नवरा, ह्याला कायमचं इकडे येऊ द्या" असा अर्ज, म्हणजेच पिटिशन. पावती आली आणि मग सगळं थंड. नागरिकाच्या जोडीदाराला कोट्याची रांग नसते, तरी पिटिशन, नॅशनल व्हिसा सेंटर (मंजुरीनंतर कागद तपासणारं अमेरिकन कार्यालय), मुंबईच्या कॉन्सुलेटमधली मुलाखत असं सगळं धरलं तर वर्षाच्या पुढे सहज जातं. जोडीदार ग्रीन कार्डवाला असेल तर एफ-२-ए गटाची रांगही लागते, आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमधली तारीख बघत बसावं लागतं.

तोवर भेटायचंच नाही का? भेटता येतं. पिटिशन दाखल आहे म्हणून पर्यटक व्हिसा मिळतच नाही, असा नियम कुठंही नाही. अवघड मात्र होतं. मी एकदा आपटलो, दुसऱ्यांदा गेलो आणि परतही आलो.

(जोडीदार एच-१-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असेल तर तुमचा रस्ता वेगळा. एच-४ला, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसाला, "परत येईन" हे सिद्ध करावं लागत नाही, ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असली तरी. तुम्ही तो करा. पुढचं सगळं जोडीदार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असणाऱ्यांसाठी.)

आधी ठरवा, जायचं कोणी

तिकडचा माणूस इकडे येऊ शकत असेल तर तेच बरं. नागरिक असेल तर ओसीआय (भारत सरकारचं परदेशस्थ नागरिकांसाठीचं कार्ड) किंवा ई-व्हिसावर येईल. ग्रीन कार्डवाल्यानं एका वेळी सहा महिन्यांपेक्षा कमी राहावं. त्यापुढे परतताना प्रश्न सुरू होतात, आणि री-एन्ट्री परमिट (लांबच्या मुक्कामानंतर परतायची आधी घेतलेली परवानगी) न घेता वर्ष उलटलं तर कार्डावरच गदा येते. नागपुरात एकत्र काढलेले दिवस पुढे इमिग्रंट, म्हणजे कायमच्या, व्हिसाच्या मुलाखतीत लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतात. तिकिटं, फोटो, तिच्या पासपोर्टवरचे शिक्के, सगळं जपून ठेवा.

आमच्याकडे ते एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा तिला रजा मिळत नव्हती, मला उन्हाळ्याची सुटी होती. म्हणून मी निघायचं ठरवलं.

आधीचा दहा वर्षांचा बी-१/बी-२, म्हणजे पर्यटक, व्हिसा पासपोर्टात असेल तर पिटिशन भरल्यानं तो आपोआप रद्द होत नाही. त्यावर जाता येतं. फक्त तिकडच्या विमानतळावर प्रश्न जास्त येणार, त्याची तयारी खाली लिहिली आहे. व्हिसा नसेल तर पुढे वाचा.

फॉर्ममधला तो एक प्रश्न

डीएस-१६० हा पर्यटक व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म बहुतेक सगळा सरळ आहे. त्यात एक प्रश्न येतो: तुमच्यासाठी कोणी कधी इमिग्रंट पिटिशन दाखल केली आहे का? शिवाय जोडीदार अमेरिकेत आहे का, त्याचं तिथलं स्टेटस काय, हेही विचारतात.

मी ज्याच्याकडे गेलो त्या एजंटनं खुर्चीतून न उठता सांगितलं, "सर, तिथं नो टाका. यस टाकलं का रिजेक्ट." फॉर्म भरायचे त्यानं पैसे घेतले होते, त्यामुळे मला क्षणभर त्याचंच पटलं. घरी येऊन बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, आपली पिटिशन त्यांच्याच सरकारकडे आहे ना? त्यांना दिसणार नाही का?" एवढं साधं होतं.

तिथं खोटं लिहिलं तर ते तथ्य दडवणं ठरतं. त्याची शिक्षा एका व्हिसाच्या नकारापुरती नसते, अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येते. मग पिटिशन मंजूर होऊनही आधी माफीचा वेगळा अर्ज करायचा, तो मंजूर व्हायची वाट बघायची. तीन आठवड्यांच्या भेटीसाठी सगळा संसार पणाला लावण्यासारखं आहे हे. उत्तर "होय"च लिहा. खाली खुलाशाच्या चौकटीत दोन वाक्यं: कोणी, कधी भरली, आणि पिटिशन प्रलंबित असून इमिग्रंट व्हिसा आपण मुंबईतूनच घेणार आहोत.

हे दुसरं वाक्य हवेतलं नसावं. आय-१३०मध्येच एक रकाना आहे: लाभार्थी अमेरिकेतच स्टेटस बदलून (म्हणजे तिथं राहूनच ग्रीन कार्ड) घेणार, की बाहेरच्या कॉन्सुलेटमधून व्हिसा घेणार? बायकोनं तिथं मुंबई, भारत असं भरलं होतं. त्या पानाची प्रत मी सोबत नेली. तुमचा अर्ज अजून भरायचा असेल तर जोडीदाराला हा रकाना विचार करून भरायला सांगा.

फॉर्म आपल्या हातानं भरा. गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खातीही त्यात विचारतात, तीही खरी द्या. व्हिसाची फी २०२३ पासून १८५ डॉलर आहे. भरायच्या दिवशीचा आकडा आणि रुपयातला दर अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. नकार मिळाला तरी ती परत मिळत नाही.

परत येण्याचं कारण जमवा

अमेरिकन कायद्यात २१४(ब) नावाचं कलम आहे. त्याचा मतितार्थ असा, की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचाच राहायला येतोय असं अधिकाऱ्यानं धरून चालायचं. तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. आपल्या बाबतीत तर आपण कायमचं जायचा अर्ज आधीच केलेला असतो. तेव्हा "मला अमेरिकेत राहायचंच नाही" हे म्हणण्यात अर्थ नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणायचं ते असं: राहायला जाईनच, पण ह्या खेपेला नाही. ते पिटिशनवर, माझी पाळी आली की. आत्ता भेटून अमुक तारखेला परत.

पहिल्या मुलाखतीत मी इथंच माती खाल्ली. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हणालो, "बघू, दोन-तीन महिने. सहा महिने मिळतात ना?" पुढचा प्रश्न आलाच नाही. २१४(ब)चा कागद हातात आला. त्या नकारावर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही फरक असेल तरच तो करण्यात अर्थ असतो. आणि पुढच्या फॉर्ममध्ये "आधी नकार मिळाला होता का" ह्याला होय लिहायचं असतं. खरं बोलून मिळालेल्या अशा नकारानं पिटिशनचं मात्र काही बिघडत नाही.

दुसऱ्यांदा मी चोवीस दिवस मागितले, मे महिन्यातले. कॉलेजचं पत्र होतं: रजा मंजूर, अमुक तारखेला रुजू व्हायचं, नवीन सत्रात हे-हे विषय ह्यांच्याकडे. पगाराच्या पावत्या, तीन वर्षांचे आयकर विवरण. काटोलकडची संत्र्याची बाग वडिलांच्या आणि माझ्या नावावर आहे, तिचा सातबारा. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची जुलैतली तारीख दवाखान्याच्या लेटरहेडवर. बायकोचं पत्रही होतं, पण ते मी सगळ्यात खाली ठेवलं. तिकडे जायला कारण आहे हे सांगायला कागद लागत नाही, ते त्यांना दिसतंच.

तुमच्याकडे नोकरी आणि शेती दोन्ही नसेल तर दुकानाचा परवाना, जीएसटीचे कागद, अर्धवट असलेली पदवी, इथं शाळेत असलेली मुलं. जे आहे ते. नसलेलं उभं करू नका. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

मुंबईत

बायोमेट्रिकची तारीख वेगळी, मुलाखतीची वेगळी. दोन्ही लागोपाठच्या दिवशी मिळाल्या तर एकाच फेरीत होतं. विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं. आता तिथूनच भुयारी मेट्रो थेट बीकेसीला, म्हणजे कॉन्सुलेटच्या भागात, जाते, पूर्वीसारखं कुर्ल्याहून रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी लागत नाही. समृद्धीनं रात्रभर गाडी हाकून थेट मुलाखतीला जाण्याचा पराक्रम करू नका, मित्रानं केला होता आणि खिडकीसमोर स्वतःची लग्नाची तारीख विसरला. फोन आणि बॅग आत नेऊ देत नाहीत. ते हॉटेलवर ठेवा किंवा सोबत माणूस न्या.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठी किंवा हिंदीत बोलायचंय असं आधीच सांगा. विचारलं तेवढंच उत्तर द्या. मला विचारलं, पिटिशन असताना टुरिस्ट व्हिसा का? मी म्हणालो, "पिटिशनला वेळ लागतोय, लग्न झाल्यापासून आम्ही एकूण एकोणीस दिवस सोबत होतो. चोवीस दिवसांनी परत येईन, सत्र सुरू होतंय." त्यांनी फक्त कॉलेजचं पत्र मागितलं. सातबारा तसाच फाइलीत राहिला.

बॅग भरताना

व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे तिकडच्या विमानतळावरचा सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याचा अधिकारी ठरवतो. त्याला तुमची बॅग उघडता येते, फोनही बघता येतो. बॅगेत हिवाळ्याचे चार कोट, सगळे दागिने, मूळ पदव्या आणि छापील बायोडेटा निघाला तर तोंडानं काहीही सांगा, बॅग वेगळंच सांगते.

निघायच्या आदल्या रात्री आईनं माझ्या मार्कशीटांची हिरवी फाइल कपड्यांच्या खाली सरकवलेली मला सापडली. दहावीपासूनची सगळी, प्लास्टिकमध्ये. "राहू दे न रे, तिथं कामी येईल, वजन का होते तिचं?" फाइल काढून कपाटात ठेवली, ती जरा रुसली. साओजी मसाला आणि सांडगे जाऊ दिले. खाण्याचं जे काही असेल ते जाहीर करा. ताजी संत्री, कितीही मोह झाला तरी, नेऊ नका. ताजी फळं तिथं जप्त होतात, न सांगता नेली तर दंडही होतो.

हाताशी ठेवायचं: परतीचं तिकीट, कॉलेजचं पत्र, आय-१३०ची पावती, बायकोचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून, प्रवास विमा. विम्याला कंटाळा करू नका. तिकडे साधा हात मोडला तरी बिल बघून दुसरं काही मोडायची पाळी येते.

तिकडच्या खिडकीवर

कशाला आलात? बायकोला भेटायला. "फिरायला, न्यूयॉर्क बघायला" असं काही गुळमुळीत नको. पिटिशन आहे का विचारलं तर आहे, ही पावती. कधी परतणार? तारीख. मला बाजूच्या खोलीत पाऊण तास बसवलं, तिकीट आणि पत्र बघितलं आणि सोडलं. त्या खोलीत नेलं म्हणजे संपलं असं नसतं, घाबरून बोलणं बदलू नका. त्यांना पटलंच नाही तर कधी कधी अर्ज मागे घेऊन परतायची मुभा देतात. हकालपट्टीचा आदेश निघाला तर पाच वर्षांची बंदी येते.

आत गेल्यावर आय-९४ची, म्हणजे तुमच्या प्रवेशाची, नोंद ऑनलाइन बघा. किती तारखेपर्यंत राहता येईल ते त्यात असतं, व्हिसावरची तारीख त्यासाठी नसते. बहुधा सहा महिने देतात. दिले म्हणून राहू नका. तुम्ही चोवीस दिवस म्हणाला होतात, चोवीसच राहा. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षांची बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षांची. काम कुठलंही नाही, मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणंही नाही.

आणि तिथं हमखास कोणीतरी काका भेटतील: "आलाच आहेस तर इथंच कागद टाक, परत कशाला जातो?" नागरिकाच्या जोडीदाराला रीतसर प्रवेशानंतर तिथं राहून स्टेटस बदलता येतं हे खरं. पण तो बेत मनात ठेवूनच पर्यटक म्हणून आत शिरलात तर ती फसवणूक ठरू शकते. प्रवेशानंतर ९० दिवसांत असं काही केलं तर अमेरिकेचं परराष्ट्र खातं तसंच गृहीत धरू शकतं. शिवाय तो अर्ज टाकला की आगाऊ परवानगीशिवाय देश सोडता येत नाही, सोडला तर अर्ज बुडाला. माझ्या आईचं ऑपरेशन जुलैत होतं. काकांना मी चहा दिला आणि विषय बदलला.

भेटीची वेळ ठरवताना एक बघा: पिटिशन मंजूर होऊन कागद नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेले असतील, तर मुंबईच्या मुलाखतीची तारीख कधीही येऊ शकते. तोवर नागपूरचं पोलीस क्लिअरन्स आणि महापालिकेच्या झोन कार्यालयातलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी हवं. तेव्हा त्या काळात लांबची सहल नको.

परत आल्यावर दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास फाइलीत लावा, आणि आलेली-गेलेली तारीख एका कागदावर लिहून ठेवा. डीएस-२६०मध्ये (इमिग्रंट व्हिसाच्या फॉर्ममध्ये) आधीच्या अमेरिका भेटी विचारतात, तेव्हा आठवत बसायला नको.