'पंक म्हणजे नुसता धिंगाणा' म्हणणाऱ्यांना कोणता माहितीपट दाखवावा, आणि कसा

अशा माणसाला आधी पंकची (म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीताची) गाणी ऐकवू नका. त्याचं मत उलट पक्कं होतं. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडवरचा, दिग्दर्शक ज्युलियन टेम्पलचा 'द फिल्थ अँड द फ्युरी' (2000) लावा. टेम्पलनेच 1980 मध्ये याच बँडवर 'द ग्रेट रॉक अँड रोल स्विंडल' केला होता. त्यात मॅनेजर माल्कम मॅक्लॅरन सगळं श्रेय स्वतःकडे घेतो. वीस वर्षांनी बँडला बोलायला मिळालं. म्हणून आधी 'स्विंडल'मधली 8-10 मिनिटं दाखवा (तुकडा आधी स्वतः पाहून निवडा, त्यात बराच वाह्यातपणा आहे), मग 'द फिल्थ अँड द फ्युरी' पूर्ण. सांगणारा बदलला की गोष्ट कशी बदलते, हे न सांगता कळतं.

प्रेक्षक 15-20 पुरेत, सगळे सज्ञान. शिव्या आणि हेरॉइन दोन्ही आहेत. सुरुवातीला प्रत्येकाकडून पंकबद्दल एक ओळ चिठ्ठीवर लिहून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ आवाजात होतो. प्रोजेक्टरच्या अंगच्या स्पीकरवर बेसगिटार आणि ड्रम बुडतात, उरते ती किरकिर. मग लोकांना गोंगाटच ऐकू येणार. वेगळे स्पीकर जोडा, आवाज मुलाखतीवर न बेतता सगळ्यात मोठ्या गाण्यावर बेता. लंडनच्या बोलीसाठी सबटायटल्स हवीतच. खोलीत पूर्ण अंधार करा: मुलाखतीत बँडचे लोक नुसत्या सावलीसारखे दिसतात. हे आधी सांगितलं नाही, तर कुणीतरी प्रोजेक्टर दुरुस्त करायला उठतं.

चित्रपट एकदाच थांबवा, निवेदक बिल ग्रंडीने 1 डिसेंबर 1976 ला टीव्हीवर घेतलेल्या बँडच्या मुलाखतीनंतर. बँडने तिथे शिव्या दिल्या होत्या. विचारा, शिव्या द्यायला कोण उचकवत होतं? मुलाखत थेट प्रक्षेपित होत होती. दुसऱ्या दिवशी 'डेली मिरर'ने दिलेला मथळाच चित्रपटाचं नाव झाला, आणि बँडच्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. बँडचा दिवंगत बेसगिटारवादक सिड व्हिशस याच्याबद्दल बोलताना गायक जॉन लायडनला रडू येतं, तिथे मात्र थांबू नका, दिवेही लावू नका.

संपल्यावर चर्चेआधी दुसरी चिठ्ठी घ्या. पहिला बोलणारा बाकीच्यांना ओढून नेतो. 'आवडलं का?' न विचारता 'पहिल्या चिठ्ठीतला कोणता शब्द खोडाल?' असं विचारा. खोडायला काहीच नसलं तरी चालेल, वाद घालू नका. अशांसाठी पुढच्या वेळी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वंशवादविरोधी चळवळीवरचा 'व्हाइट रायट' (2019) ठेवा. त्यात 1978 मधली, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये चळवळीच्या कार्यक्रमाला जमलेली गर्दी आहे.