गड्ड्याची सुट्टी कुणाला द्यायची? मागावरून सुपरवायझर होणाऱ्यांसाठी

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर बऱ्याचदा मागावरूनच वर येतो. हात चांगला, हिशोब पक्का, मालकाच्या नजरेत भरला, की एक दिवस सोबत्यांची हजेरी त्याच्याच हातात येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी असाच वर आलो. अशा वेळी निम्मे लोक सांगतात 'आता जरा कडक हो', निम्मे म्हणतात 'होतास तसाच राहा'. दोन्ही ऐकून सोडून द्या. खात्यातले लोक तुमचा आवाज मोजत नाहीत, तुम्ही कुणाला काय देता ते मोजतात.

पहिली गोष्ट माग. टेरी टॉवेलला ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, लागतात, एक तळाचा, एक पाइलचा. पाइलचा ताणा सैल सुटतो म्हणून टॉवेलवर ते फासे उठतात. सूत कच्चं असलं किंवा माग जुना असला की धागा सारखा तुटतो आणि माग उभा राहतो. आमच्याकडं मजुरी मालावर, त्यामुळं उभ्या मागाचा फटका थेट विणकराला. कुठला माग कुणाला, हे ठरवणं म्हणजे कुणाच्या घरी किती पैसे जाणार हे ठरवणं. तुमचा जिगरी दोस्त चांगल्या मागावर असेल, तर तो तुमच्या आधीपासून तिथं असला तरी लोक म्हणणार, यानंच बसवला. माग आळीपाळीनं सगळ्यांना मिळतील असं मी लावलं आणि त्याचा कागद भिंतीवर चिकटवला. दोस्त रुसला. 'काय लका, आता मोठा झालास' हेही ऐकवलं. ऐकून घ्यायचं, कागद काढायचा नाही.

खरी कसोटी सुट्टीची. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू विणकर समाजाच्या, घरातला एकही माणूस मागावर थांबायला तयार नसतो. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा, तिची जत्रा म्हणजे गड्डा, भरतो. त्यातला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, बघितल्याशिवाय संक्रांत झाली असं इथं कुणाला वाटत नाही. मध्ये ईद, आषाढीला पंढरपूर. सगळ्यांना सगळं देता येत नाही. पण रथाला कोण थांबणार, गड्ड्याला कोण, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर ठरवलं तर लोक आपापसात अदलाबदल करतात, तुमच्यापर्यंत भांडण येतच नाही. आयत्या वेळी एकेकाला कानात 'बघतो' म्हणालात की संपलं. आणि स्वतः एका मोठ्या सणाला थांबा.

तुमच्याच जागेवर डोळा ठेवून असलेला एखादा असतोच, बहुधा वयानं मोठा. आमच्यात त्याला सगळे अण्णा म्हणायचे. हुद्दा बदलला म्हणून त्याला नावानं हाक मारू नका, अण्णाच म्हणा. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडं एकटं जाऊन बोला, आणि नवीन पोरांना माग शिकवायचं काम त्याच्याकडं सोपवा. मात्र त्याचा खाडा वहीत पडला पाहिजे, सगळ्यांचा पडतो तसा.

टपरीवर तुम्ही गेलात की गप्पा थांबतील, किंवा तेलुगूत सुरू होतील. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याबद्दल बोलायचा त्यांना हक्क आहे (तुम्हीही आधीच्या सुपरवायझरबद्दल बोलायचातच की). चहा प्या, पैसे द्या, आधी उठा. कामापुरतं तेलुगू, कन्नड मात्र येऊ द्या. सोलापुरात त्यावाचून खातं चालत नाही.

उचल मागायला पहिले दोस्तच येतात. स्वतःच्या खिशातून देऊ नका, ऑफिसच्या वहीतून जाऊ द्या.

आणि सुपरवायझर व्हायला 'हो' म्हणायच्या आधी स्वतःच्या पगाराचं बघा. विणकराला जादा तासांचे पैसे मिळतात, सुपरवायझरला ते मिळतीलच असं नाही, आणि थांबावं तर रोज लागतं. पगार वाढला म्हणून पेढे वाटले आणि महिनाअखेर हातात पहिल्यापेक्षा कमी आले, असं झालेले लोक मी बघितलेत. जादा तास, दिवाळीचा बोनस, रात्रपाळी, तिन्ही विचारा आणि कागदावर लिहून घ्या.