फुटकी पुंगळी कशी वाचावी

रेंजवर गोळीबार संपला की सगळ्या पुंगळ्या, म्हणजे बार झाल्यावर उरणारी काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, झाडून एकाच डब्यात टाकू नका. फुटकी पुंगळी कोणत्या बंदुकीतून निघाली हे एकदा हरवले की तिचा उपयोग संपला. प्रत्येक लेनला वेगळा ट्रे ठेवा आणि त्यावर बंदुकीचा क्रमांक व काडतुसाच्या पेटीचा लॉट नंबर लिहा. सोबत हातमोजे, भिंग, बॅटरी आणि टोक काटकोनात वाकवलेली बारीक तार असू द्या.

आधी जिवंत काडतुसे बाजूला काढा. बुडावर पिनेचा (चाप ओढल्यावर आदळणाऱ्या खिळीचा) ठसा आहे पण गोळी तोंडातच आहे, म्हणजे मिसफायर. ते रिकाम्यांत मिसळायचे नाही. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडा. आवाज फुसका आला तर दुसरी गोळी अजिबात झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते.

तोंडाला नुसता पोचा असेल तर काळजी नाही, तो बाहेर पडताना किंवा पायाखाली येऊन पडतो. बुडाजवळचा दोष मात्र गंभीर. बुडाच्या थोडे वर सभोवार चकचकीत कडे दिसले तर तार आत घालून भिंतीवरून फिरवा. टोक खाचेत अडकले तर तिथे पितळ ताणून पातळ झाले आहे. काडतुसाला चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) पुढे-मागे जास्त जागा मिळाली की असे होते. पुढच्या वेळी बूड तुटून वेगळे होईल आणि उरलेली नळकांडी चेंबरमध्ये रुतेल. ती रायफल त्याच दिवशी बंद करा आणि गनस्मिथकडून हेडस्पेस (हीच पुढे-मागची जागा) तपासून घ्या.

प्रायमरला (बुडाच्या मध्यावरच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीला) भोक पडले असेल, तो निखळला असेल किंवा त्याच्याभोवती काजळीचे कडे असेल तर वायू मागे आला आहे, तेव्हाही थांबा. नुसता चपटा प्रायमर पाहून दाब जास्त होता असे ठरवू नका, इतर खुणाही जुळायला हव्यात. .२२ च्या बारीक काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते. कड फुटलेली दिसली तर बोल्ट पूर्ण बंद होत होता का आणि चेंबरमध्ये मळ साचला आहे का, ते आधी पाहा. बारा बोरवाल्यांनी वीस बोरचे काडतूस खिशातसुद्धा ठेवू नये. ते नळीत पुढे सरकून अडकते, मागून बारा बोरचे बसते आणि बार झाला की नळी फाटते.

पुंगळीच्या मानेवर (गोळी बसते त्या तोंडाकडच्या भागावर) उभी चीर दिसली तर त्याच पेटीतली न झाडलेली काडतुसेही भिंगाखाली धरा. त्यांनाही चीर असेल तर दोष बंदुकीचा नाही, साठवणीचा आहे. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. ते ओढून घडवताना आत ताण राहतो, आणि दमट हवेत अमोनिया लागला की ताणाच्या जागी तडकते. ब्रिटिश काळात भारतात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळे. त्याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात हाच धोका आहे. पीकरक्षणाची बंदूक असणाऱ्यांनी काडतुसे गोठ्याला लागून असलेल्या खोलीत किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नयेत. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी आणि कुलूपबंद कोरडे कपाट हवे. पितळ चमकवायला अमोनिया असलेले पॉलिशही नको. चीर पडलेली पेटी वापरू नका, विक्रेत्याला किंवा क्लबला परत द्या.

दारूगोळ्याचे सुटे भागही शस्त्र कायदा १९५९ च्या कक्षेत येतात, म्हणून पुंगळ्या मोजून रेंज अधिकाऱ्याकडे द्या, मोडीत विकू नका. लष्करी रेंजच्या हद्दीत पितळ वेचायला तर पोरांना पाठवूच नका, न फुटलेला गोळाही तिथे पडलेला असू शकतो. तपासणी झाली की खाण्यापिण्याआधी साबणाने हात धुवा, काजळीत शिसे असते.